मांडव्याचा डबा : मेयोनीजची साठवण व पारख

लोणच्याची बरणी कशी सांभाळावी हे आपल्या घरांतून कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नाही. ओला चमचा बरणीत घालावयाचा नाही, फोडी तेलाखाली दडपून ठेवावयाच्या, वाढून झाल्यावर तोंडास दादरा घट्ट बांधावयाचा, हे सर्व मूल पाहता पाहताच शिकते. हे नियम कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसले तरी आजीच्या ओरडण्यातून ते नातवंडांपर्यंत बिनचूक पोहोचत आलेले आहेत. नवा पदार्थ मात्र घरात येतो तो एकटाच येतो. त्याच्या सांभाळाचे नियम त्याजबरोबर येत नाहीत, आणि घरातील वडील माणसांनाही ते ठाऊक नसल्यामुळे ओरडावयासही कोणी उरत नाही.

मेयोनीज हा असाच एक पदार्थ होय. आमच्या लहानपणी त्याचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. आज ज्या घरात मुले आहेत त्या घरातील फ्रीजमध्ये त्याची एखादी बाटली हटकून सापडते. पावास ते लावतात, उकडलेल्या भाज्यांत कालवितात, आणि पोळीची सुरळी करून त्यातही भरतात. आमच्या घरी त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात मांडव्याच्या सहलीत जो प्रसंग गुदरला त्यावरून ह्या पदार्थासंबंधी आपण सर्वच किती अजाण आहोत हे आमच्या प्रत्ययास आले, म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्याच विषयास दिले आहे.

प्रथम हा पदार्थ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. तेल व पाणी एकत्र राहत नाहीत हे आपण जाणतोच. परंतु अंड्यातील पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचे एक द्रव्य असते, ते दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करते. बलकात सिरका अथवा लिंबाचा रस घालून त्यात तेलाची बारीक धार सोडीत घोटीत गेले म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म कण होऊन घट्ट, पांढुरके लोण्यासारखे मिश्रण तयार होते. तेच मेयोनीज. १७५६ साली फ्रेंचांनी भूमध्यसमुद्रातील मिनोर्का बेटावरचे माहोन बंदर जिंकले, त्या बंदरावरून हे नाव पडले अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडे शाकाहारी घरांसाठी जे बिनअंड्याचे मेयोनीज मिळते त्यात बलकाचे काम दुधातील अथवा सोयाबीनमधील प्रथिने करतात. विकत घेताना वेष्टनावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहून घ्यावा. अंडे असल्यास तेथे तपकिरी खूण असते. जुन्या वेष्टनांवर ती ठिपक्याची असे, नव्या नियमांप्रमाणे ती त्रिकोणाची असते.

आता तो प्रसंग. वैशाखातील एका रविवारी आम्ही घरची चौदा माणसे मांडव्यास निघालो. पहाटे साडेपाचास स्वयंपाकघरात गडबड सुरू झाली. थोरल्या सूनबाईंनी आदले दिवशी रात्री थंड दूध, तेल, मोहरी व लिंबू घालून बिनअंड्याचे मेयोनीज घरीच केले होते. मुलांना आंबट नको म्हणून लिंबू बेताचेच पिळले होते. उकडलेला बटाटा, अलिबागचा पांढरा कांदा व ढोबळी मिरची बारीक चिरून त्यात ते कालविले, आणि पावाच्या चकत्यांत भरून दोन मोठे डबे केले. माणसे पुष्कळ व वेळ थोडा, म्हणून चकत्या भरण्याच्या कामास आम्हीही बसलो. साताच्या सुमारास घर सोडले. दादरहून गेट वे ऑफ इंडिया, तेथे तिकिटाची रांग, मग लाँचचा तासाभराचा प्रवास, असे करीत दहाच्या सुमारास मांडव्याच्या धक्क्यावर उतरलो. तेथून सासवण्यास शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे संग्रहालय पाहण्यास गेलो. १९२८ साली पुण्यात उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांच्या हातचा, त्यांच्याच हातचे म्हशी, कुत्री आणि कोळणी ह्यांचे पुतळे पाहताना मुलांना भुकेचीही आठवण राहिली नाही. समुद्रकाठी सुरूच्या सावलीत डबे उघडले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

आत्याबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. कोणताही पदार्थ तोंडात घालण्यापूर्वी त्याचा वास घेण्याची त्यांची जुनी सवय. त्यांनी चकती नाकाशी धरली व म्हणाल्या, "अगदी ताजे आहे हो." सर्वांनी पोटभर खाल्ले. परतीच्या लाँचमध्ये चारच्या सुमारास प्रथम धाकट्या नातीस उलटी झाली. तो बोट लागल्याचा प्रकार असावा असे आम्ही समजलो. पण गेट वेच्या पायऱ्या चढेपर्यंत आणखी तीन मुले व धाकटे बंधु ह्यांचीही तीच अवस्था झाली, आणि घरी पोहोचताच आत्याबाई अंथरुणास खिळल्या. मुले रात्रीतून सावरली. आत्याबाईंस मात्र एक रात्र रुग्णालयात काढावी लागली व शिरेतून पाणी द्यावे लागले. त्या रात्री त्यांचा सुरकुतलेला हात हाती घेऊन बसलो असता आमच्या मनात काय काय येऊन गेले ते येथे लिहीत नाही.

दुसरे दिवशी घरात जे झाले ते मात्र लिहिले पाहिजे, कारण ते पुष्कळ घरांत होते. उघडपणे कोणी काही बोलले नाही, पण "ती नवी खुळे घरात हवीत कशाला?" एवढे एक वाक्य माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने उच्चारले गेले. थोरल्या सूनबाई दिवसभर जेवल्या नाहीत. ज्या मुलीने पहाटेपासून चौदा माणसांची तरतूद केली तिच्याच माथी सर्व अपराध बसला.

सायंकाळी आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी मेयोनीज कोणी केले हे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "सारण कालविले किती वाजता? खाल्ले किती वाजता? मधल्या वेळात डबे कोठे होते? आणि चकत्या भरल्या कोणी?" पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून मध्ये सात तास गेले होते हे निघाले. तिसऱ्याचे उत्तर असे की डबे कापडी पिशवीत होते व पिशवी काही काळ उन्हात होती. चौथ्या प्रश्नास आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्यांची दृष्टी आमच्या अंगठ्यावरील पट्टीकडे गेली. दोन दिवसांपूर्वी आंबा कापताना सुरी लागली होती, व जखम किंचित पिकली होती. त्याच हातांनी आम्ही चकत्या भरल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "अन्नाची तपासणी झालेली नाही, तेव्हा शपथेवर काही सांगता येणार नाही. पण खाल्ल्यापासून तीन-चार तासांत उलट्या सुरू व्हाव्या आणि बहुतेकांना दिवसाच्या आत उतार पडावा, हे हातावरील जंतूंच्या विषाचे लक्षण आहे." स्टॅफिलोकॉकस नावाचे हे जंतू निरोगी माणसाच्याही नाकात व त्वचेवर असतात, आणि पिकलेल्या जखमेत तर त्यांची वसाहतच असते. उबदार, ओलसर अन्नात काही तास मिळाले म्हणजे ते वाढतात व एक विष सोडतात. त्या विषास वास नाही, रंग नाही, चव नाही. पुढे अन्न उकळले तरी जंतू मरतात, विष मात्र उरते.

माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर आम्हीच उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईंस म्हणालो, "चूक तुमची नव्हती, आमची होती. आता जेवून घ्या." त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पान मात्र वाढून घेतले.

ह्या प्रसंगातून आम्ही जो धडा घेतला तोच ह्या लेखाचा सारांश आहे. 'नासलेले' आणि 'बाधणारे' ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नासलेले अन्न आपली चाहूल स्वतःच देते. ते आंबते, खवट होते, त्यास बुरशी येते. बाधणारे अन्न मात्र पुष्कळदा दिसावयास व वासास उत्तम असते. लोणच्याची पारख नाकाने होते, कारण भरपूर मीठ, तेल व आंबटपणा ह्यांमुळे त्यात रोगजंतूंचे फारसे चालत नाही, आणि जे बिघडते ते बुरशीने अथवा आंबण्याने, उघडपणे बिघडते. मेयोनीज कालविलेल्या अन्नास हा न्याय लागू नाही. त्याची पारख नाकाने करावयाची नसून घड्याळाने करावयाची असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बाजारातील बंद बाटलीतले मेयोनीज स्वभावतः तितके नाजूक नसते. त्यात सिरक्याचा आंबटपणा पुरेसा असतो, अंडे घातलेच तर ते जंतुरहित केलेले असते, व त्यात रोगजंतू सहसा वाढू शकत नाहीत. परंतु तेच जेव्हा आपण उकडलेल्या बटाट्यात, पनीरमध्ये किंवा मक्याच्या दाण्यांत कालवितो तेव्हा त्याचा आंबटपणा पातळ होतो, आणि बटाट्याचा मऊ, ओलसर, अळणी गर जंतूंस पोसण्यास सिद्ध असतो. म्हणून दोष बहुधा मेयोनीजचा नसून त्याच्या सोबत्यांचा व आपल्या हातांचा असतो. घरी केलेल्या मेयोनीजची गोष्ट निराळी. त्यात आंबटपणा किती पडला ह्याचे माप नसते, आणि आमच्या घरी झाले त्याप्रमाणे मुलांच्या आवडीखातर तो कमीच पडतो.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचा धोका ह्याहून मोठा आहे. कित्येक घरांत अंडे वर्ज्य असले तरी घरातील तरुण मंडळी बाहेर काय खातात हे आपणांस नेहमीच ठाऊक असते असे नाही, म्हणून हे सर्वांनीच वाचावे. साल्मोनेला नावाचे जंतू कोंबडीच्या शरीरातच अंड्यात शिरू शकतात. त्यामुळे कवच स्वच्छ व अखंड असले तरी आतील बलक निर्दोष असेलच असे नाही. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हैदराबादेत अन्नबाधेचे प्रकार घडल्यानंतर तेलंगण सरकारने ३० ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षासाठी ते बंद केले, आणि एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारनेही एक वर्षाची बंदी जाहीर केली. तीन राज्यांना हा उपाय योजावा लागला ह्यावरून प्रश्न किती गंभीर आहे ते कळून येईल. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी बलकात थोडे पाणी व सिरका घालून मंद आचेवर सतत ढवळीत ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे, निवू द्यावे, व मगच तेल घोटावे. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी बिनअंड्याचे करावे किंवा विकतचे घ्यावे. रस्त्यावरच्या गाडीवर उघड्या भांड्यात ठेवलेले मेयोनीज मुलांनी खाऊ नये हे त्यांस रागावून नव्हे, कारण सांगून पटवावे.

आता साठवणीचे नियम क्रमाने देतो.

(१) न उघडलेली बाटली अंधाऱ्या, कोरड्या व थंड फडताळात राहू शकते. चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ती ठेवू नये. वेष्टनावर जी तारीख छापलेली असते ती बंद बाटलीपुरतीच असते. झाकण उघडले की ती तारीख संपली असे समजावे.

(२) उघडलेली बाटली लागलीच फ्रीजमध्ये ठेवावी. किती दिवसांत संपवावी हे वेष्टनावर लिहिलेले असल्यास तेच प्रमाण मानावे. तसे लिहिलेले नसल्यास दोन महिने ही कमाल मर्यादा समजावी.

(३) फ्रीजच्या दारातील कप्पा सर्वांत सोयीचा, पण सर्वांत कमी थंड असतो, कारण दार दर घटकेस उघडते. भरल्या घरात तर ते मिटलेले असणे हाच अपवाद. म्हणून बाटली आतल्या कप्प्यात मागील बाजूस ठेवावी. आतील उष्णमान ४ अंशांवर जाऊ देऊ नये. ते मोजण्याचे लहानसे यंत्र बाजारात मिळते, व एकदा घेतले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

(४) चमचा कोरडा व स्वच्छ असावा. पावास लावलेला चमचा पुन्हा बाटलीत बुडवू नये. लागेल तेवढे वाटीत काढून घ्यावे, बाटली तत्काळ आत ठेवावी, आणि वाटीत उरलेले पुन्हा बाटलीत ओतू नये. हा लोणच्याचाच नियम आहे. आजीस विचारल्यास ती हेच सांगेल.

(५) घरी केलेले मेयोनीज, मग ते अंड्याचे असो वा दुधाचे, तीन दिवसांत संपवावे. चौथा दिवस उजाडू देऊ नये. म्हणून एकदम मोठे भांडे भरून करण्यापेक्षा लागेल तितकेच करावे. दूध तापवून थंड केलेले असावे, आणि लिंबू किंवा सिरका घालताना हात आखडू नये. आंबटपणा हा येथे केवळ चवीचा प्रश्न नाही, तो त्या पदार्थाचा पहारेकरी आहे.

(६) बर्फाच्या कप्प्यात मेयोनीज ठेवू नये. गोठले की तेल व पाणी ह्यांची फारकत होते, व वितळल्यावर ती पुन्हा नांदत नाहीत.

(७) बाटली उघडली त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहावी. आमच्या मते एकत्र कुटुंबास हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन माणसांच्या बिऱ्हाडात बाटली केव्हा उघडली हे स्मरणात राहते. चौदा माणसांच्या घरात ती एकाने आणलेली, दुसऱ्याने उघडलेली, तिसऱ्याने मेजावर विसरलेली व चौथ्याने निमूटपणे आत ठेवलेली असते. पाचव्यास हा इतिहास कोठून कळावा? एक चिकटपट्टी व एक लेखणी फ्रीजवर टांगून ठेवावी आणि तारीख लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावे. मुले हे काम मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात असा आमचा अनुभव आहे.

ह्यानंतर नासल्याच्या खुणा. रंग पांढुरका अथवा फिकट पिवळसर असावा. कडेने तो गडद किंवा तपकिरी होऊ लागला असेल, वर तेलाचा अथवा पाण्याचा निराळा थर दिसत असेल, आणि हे का झाले ते ठाऊक नसेल, तर बाटली टाकून द्यावी. वास खवट खोबऱ्यासारखा येत असेल तर आतील तेलास हवा व उजेड लागून ते बिघडले आहे. नेहमीच्या आंबट वासाऐवजी ताडीसारखा आंबूस वास येत असेल, आत बुडबुडे दिसत असतील, झाकण फुगले असेल किंवा उघडताना फुस्कारा निघत असेल, तर आत किण्व वाढून वायु झाला आहे. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी वरचे खरवडून खालचे वापरण्याचा मोह धरू नये, कारण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. शंका आल्यास जिभेवर ठेवून पाहण्याची सवय आपल्या घरांत फार आहे, ती येथे सोडावी. आणि पुन्हा बजावतो की ह्यांपैकी एकही खूण नसणे म्हणजे पदार्थ निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. तारीख उलटली असेल किंवा बाहेर राहिल्याची वेळ उलटली असेल, तर तो कितीही देखणा असला तरी टाकण्याजोगाच आहे.

बाहेर किती वेळ राहिले तर चालते? मेयोनीज कालविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये, आणि हवेचे उष्णमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचा पट्टा हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानतात. आता हा दंडक मांडव्याच्या सहलीस लावून पाहा. मुंबईच्या घरातून गेट वेपर्यंत एक तास, रांगेत व चढण्यात पाऊण तास, लाँचमध्ये आणखी एक तास. म्हणजे मांडव्याच्या धक्क्यावर पाय ठेवण्यापूर्वीच दोन्ही मर्यादा उलटून जातात, व जेवणाची वेळ अद्याप दूरच असते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालच्या मार्च महिन्यात सुरू झालेल्या रो-रो बोटीने आपली मोटार घेऊन गेले तरी हिशेब फारसा बदलत नाही. उलट उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे पोट भट्टीसारखे तापते, व डबा तेथेच राहिला तर एक तासही पुष्कळ झाला.

मग मेयोनीज नेऊच नये काय? न्यावे, पण रीतीने न्यावे. सर्वांत सोपा उपाय असा की लहान, बंद पुड्या जशाच्या तशा न्याव्या. न उघडलेल्या पुडीस थंडाव्याची गरज नसते. पाव, काकडी, टोमॅटो बरोबर घ्यावे, मांडव्यास सावलीत बसून हात धुवावे, तेथेच पुडी उघडावी, लावावे व खावे. उरेल ते घरी परत न आणता तेथील कचरापेटीत टाकावे. समुद्रकाठी वाळूत टाकू नये हे सांगण्याची वाचकांस आवश्यकता नाही अशी आशा आहे. घरूनच भरून न्यावयाचे असल्यास सारण रात्रभर फ्रीजमध्ये पूर्ण थंड करावे, थंडावा टिकविणाऱ्या जाड अस्तराच्या पिशवीत खाली व वर गोठविलेल्या बर्फाच्या थैल्या ठेवून मधे डबा ठेवावा, आणि जेवणापूर्वी ती पिशवी उघडू नये. पाण्याच्या बाटल्या निराळ्या पिशवीत ठेवाव्या, नाही तर मुले दर पाच मिनिटांनी पिशवी उघडतील व बर्फाचा उपयोग राहणार नाही. ज्याच्या हातास जखम आहे त्याने सारणास हात लावू नये, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

आणि ज्यांना एवढी यातायात नको असेल त्यांच्यासाठी जुना मार्ग मोकळाच आहे. दशम्या, तिळाची अथवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, लोणच्याची फोड. प्रवासास निघताना हेच पदार्थ का बांधून देत असत ह्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. ते रुचकर होते म्हणून नव्हे, तर त्यांत पाणी कमी होते किंवा मीठ, तेल व आंबटपणा भरपूर होता म्हणून. आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते, पण प्रवास किती तासांचा आहे हे पक्के ठाऊक होते.

मांडवा, किहीम, अलिबाग ह्या पट्ट्यात ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांच्यासाठी आणखी दोन शब्द. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात लहानसहान खंड तर नित्याचेच. वीज गेल्यावर दार मिटलेले राहिले तर फ्रीज सुमारे चार तास आपला थंडावा राखतो, म्हणून आत काय आहे हे पाहण्यासाठी दार उघडू नये. त्यानंतर वेळेचा हिशेब सुरू करावा. विकतच्या मेयोनीजची उघडलेली बाटली १० अंशांहून अधिक उष्णतेत आठ तासांवर राहिली असेल तर टाकावी. घरचे मेयोनीज, कालविलेले सारण, उकडलेला बटाटा ह्यांस ती सवलत नाही. ४ अंशांच्या वर दोन तास गेले की ती टाकावीच. शनिवार-रविवारी येऊन जाणाऱ्या मंडळींनी तर उघडी बाटली मागे ठेवूच नये. मधल्या पाच दिवसांत वीज किती वेळा गेली व आली हे घराच्या भिंतींखेरीज कोणासही ठाऊक नसते.

इतके करूनही कोणास बाधा झालीच तर घाबरून न जाता प्रथम अंगातील पाणी राखावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट देत राहावे. औषधाच्या दुकानात मिळणारी क्षारांची पुडी असल्यास अधिकच चांगले. तान्हे मूल, गर्भिणी, वृद्ध अथवा आधीच दुखणाईत असलेले माणूस असेल तर थांबू नये, लागलीच डॉक्टरांकडे न्यावे. इतरांनाही शौचातून रक्त पडत असेल, ताप चढत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर हाच नियम. आणि काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे एका कागदावर लिहून बरोबर न्यावे. डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो.

आमच्या घरी आता फ्रीजवर चिकटपट्टी व लेखणी टांगलेली आहे, आणि तारीख लिहिण्याचा मान धाकट्या नातीकडे आहे. आत्याबाई पूर्ववत झाल्या आहेत. पदार्थाचा वास घेण्याची सवय त्यांनी सोडलेली नाही, पण हल्ली वास घेऊन झाल्यावर त्या विचारतात, "अग, हे किती वाजता केलेस?" थोरल्या सूनबाई वेळ सांगतात, आणि मगच आत्याबाई घास घेतात. येत्या मार्गशीर्षात पुन्हा मांडव्यास जाण्याचा बेत आहे. डबा भरण्याचे काम ह्या खेपेस आमच्याकडे नाही.